शालूबाईचा मार्च

आमच्या रोहण्यात शालूबाईच्या तोंडाला लागायची हिंमत कोणी करत नाही. ज्यांनी केली, त्यांना पुढे कित्येक दिवस तिच्या मळ्यातली वांगी भेटली नाहीत, दुसऱ्या कोणाकडून आणावी लागली. मी तिची शेजारीण, सुलोचना. ब्लाऊज शिवते आणि बोलते जास्त. आमच्या दोघींच्या घरामध्ये तुराट्यांचं एक कुंपण आहे, तेही जागोजागी वाकलेलं. त्यामुळे तिच्या चुलीवर काय आहे ते मला कळतं आणि माझ्या मशीनवर कोणाचा ब्लाऊज आहे ते तिला. शालू म्हणते, हिची मशीन थांबली तरी ही थांबत नाही. म्हणू दे. तिची गोष्ट सांगायला बोलकं माणूसच पाहिजे. ती स्वतः सांगायला बसली तर दोन वाक्यांत उरकून भाजीला पाणी द्यायला निघून जाईल.

शालू आणि तिचा नवरा ताराचंद, दोघं मिळून विहिरीच्या पाण्यावर भाजीपाला करतात. वांगी, भेंडी, मेथी, सांबार. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. तुमच्याकडचे लोक हसतात आम्हाला, हसू द्या. ताराचंद गरीब स्वभावाचा, बोलायला लागला की वाक्य अर्ध्यात सोडून देतो आणि उरलेलं शालू पूर्ण करते. आर्वीच्या बाजारात पोत्यावर बसून भाजी विकते तीच. गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला तर ती चिडत नाही, उलट त्याच्या बायकोची, लेकरांची खबरबात घेते आणि बोलता बोलता आपल्याच भावात भाजी त्याच्या थैलीत टाकते. तो बिचारा घरी गेल्यावर विचार करतो की झालं काय.

एवढ्या खमक्या बाईला घाबरवणारी जगात एकच गोष्ट आहे, मार्च महिना. आमच्याकडे पीककर्ज बहुतेक सगळेच घेतात. पेरणीच्या तोंडावर घ्यायचं, मार्च संपायच्या आत भरायचं. वेळेवर भरलं तर व्याजात सूट भेटते आणि एप्रिलमध्ये पुन्हा नवं कर्ज उचलता येतं. याला आम्ही नवं-जुनं करणं म्हणतो. शालूच्या घरचं नवं-जुनं आजवर कधी चुकलं नाही, आणि ते चुकू नये म्हणून ती घरादाराचा जीव काढते. शिवरात्र झाली की ताराचंदचा तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद, पाहुण्यांना चहा अर्धा कप, नवी साडी तर विचारूच नका. मार्चात आमच्याकडे ऊन आणि शालू एकदमच तापतात. पैसे भरून पावती हातात आली की मग हीच बाई माझ्याकडे येऊन पोटभर हसते. कर्ज म्हणजे मार्च, एवढंच तिला ठाऊक. दुसऱ्या कोणत्या कर्जाशी तिचा कधी संबंधच आला नव्हता.

तिची पोरगी रोशनी. एकुलती एक, आणि बापावर गेलेली, म्हणजे कमी बोलणारी. मागे ताराचंदचा खांदा आखडला होता. हात कानाच्या वर जाईना, सदरा घालायलाही कोणीतरी लागायचं. सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवलं तेव्हा तिथल्या एका बाईने त्याच्याकडून रोज व्यायाम करून घेतले. सोबत रोशनी जायची. बाप ओरडायचा आणि ही त्या बाईच्या हातांकडे बघत बसायची. एक दिवस ताराचंदने हात वर करून छपराच्या लाकडाला लावला आणि लेकरासारखा रडला. रोशनीने त्याच दिवशी ठरवलं की आपणही हेच शिकायचं.

आणि पोट्टीने करून दाखवलं. बारावी झाली, पुढची परीक्षा झाली, आणि नाशिककडच्या एका कॉलेजात फिजिओथेरपीला तिचा नंबर लागला. गावात कोणाला हा शब्द बोलता येईना. मीच घरोघर सांगत सुटले की बिनगोळीची डॉक्टरीण होणार आहे आमची रोशनी. त्या आठवड्यात गावातले सगळे दुखरे गुडघे शालूच्या ओसरीवर येऊन बसायला लागले.

आता प्रश्न पैशाचा. मुलींच्या शिक्षणाच्या फीत सरकारची माफी आहे, तिचा अर्ज रोशनीने स्वतःच भरला. पण होस्टेल, मेस, पुस्तकं आणि कॉलेजच्या बाकीच्या फिया चार-साडेचार वर्षं कोण देणार? वांग्या-भेंडीत ते बसणारं नव्हतं. रोशनीने मोबाईलवर सगळं वाचून काढलं आणि एक दिवस जेवताना हळूच सांगितलं की बँक शिक्षणासाठीही कर्ज देते. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात कॉलेजात पैसे भरायचे होते. नाही भरले तर जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती.

शालूने ताटातून मानही वर केली नाही. "कर्ज घ्याचं नाई," ती म्हणाली. "यंदा राहू दे. पुढच्या वर्षी पाहू."

पुढच्या वर्षी पाहू म्हणजे काय, ते आमच्या गावातल्या प्रत्येक पोरीला कळतं. पुढच्या वर्षी पाहुणे येतात बघायला.

मला असा राग आला म्हणता! मी कुंपणावरूनच तिला धरलं. म्हटलं, एवढी मार्चाची वाघीण तू, दरवर्षी बँकेचे पैसे वेळेवर टाकतेस, आणि पोरीसाठी एकदा कर्ज घ्यायला जीव जातो? दूर पाठवायची भीती वाटते का? लोक काय म्हणतील म्हणून का? ती काहीच बोलली नाही. शालू बोलत नाही म्हणजे मोठीच भानगड असते, पण रागात मला ते सुचलं नाही. गावाने तर आपापले अर्थ लावून टाकले. कोणी म्हणे पोरीचं कुठं जमवून ठेवलं असेल, कोणी म्हणे शालूबाई कंजूसच. ताराचंद तेवढा म्हणायचा की विचारायला काय... आणि पुढचं वाक्य पूर्ण करणारी बायको तोंड फिरवून बसलेली.

रोशनीने त्रागा केला नाही, रडली नाही. ती सरळ आईसोबत बाजारात जायला लागली. आणि इथेच मजा झाली. मी त्या दिवशी अस्तराचं कापड आणायला आर्वीत गेलते, म्हणून माझ्या डोळ्यांनी पाहिलं. शालू चहा प्यायला गेली आणि पोत्यावर रोशनीला बसवून गेली. या पोट्टीला बाजार म्हणजे काय ते कळेचना. कोणी भाव पाडून मागितला की ही लगेच हो म्हणायची. वरून मूठभर सांबार फुकट. तेवढ्यात सीताबाई म्हणून एक म्हातारी आली. तिने थैली खाली ठेवली आणि खांदा धरून कण्हली. झालं. रोशनी वांगी सोडून उठली. म्हातारीचा हात धरला, कोपर कसं ठेवायचं, थैली कोणत्या हातात घ्यायची, भिंतीवर बोटं चढवत हात हळूहळू वर कसा न्यायचा, ते सगळं तिथेच बाजारात सांगायला लागली. टपरीच्या लाकडी फळीवर म्हातारी बोटं चालवते आहे आणि भोवती बायका जमल्या आहेत. एकीची कंबर, एकीची मान. भाजी तशीच पडली. एक गाय येऊन अर्धी मेथी खाऊन गेली, तरी कोणाचं लक्ष नाही.

शालू चहाचा ग्लास हातात धरून मागे उभी होती. मला वाटलं, आता पोरीच्या पाठीत धपाटा बसतो. पण ती नुसती बघत राहिली. सीताबाई जाताना रोशनीच्या गालावर हात फिरवून गेली आणि वांग्याचे पैसे द्यायचेच विसरली. रोशनीही मागायची विसरली.

शालू माझ्याजवळ आली. म्हणाली, "सुलोचना, हे पोट्टी बाजारात बसली तं आमचं घर बुडवन." आणि मग चहाचा ग्लास माझ्या हातात देऊन म्हणाली, "उद्या चालतं का माह्यासोबत बँकेत? इचारून तं पाहू."

माझा राग तिथल्या तिथे गेला. तसा तो फार टिकत नाही, फक्त आवाज मोठा असतो.

बँकेत कर्जाच्या टेबलावर एक नवीन अधिकारी मुलगी होती, मोनाली थूल नावाची. शालूने बसायच्या आधी तिला गाव विचारलं, गाव अल्लीपूर निघालं तर कोणाची पोरगी म्हणून विचारलं, आणि ती कवडूजींची म्हटल्यावर, ओळख ना पाळख, त्यांची तब्येत कशी आहे तेही विचारून घेतलं. मोनाली हसून म्हणाली की बाबा मजेत आहेत, आणि ती स्वतःही असंच कर्ज घेऊन शिकली, त्याचे हप्ते अजून चालू आहेत. शालूने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नीट इस्त्रीचा कुर्ता, गळ्यात बँकेचं कार्ड, झोप नीट झालेला चेहरा. कर्ज फिटायचं राहिलं असताना माणूस असं निवांत बसू शकतं, हे तिला खरंच वाटत नव्हतं.

मोनालीने सगळं नीट समजावलं. आधी जे फुकट भेटतं ते घ्यायचं, म्हणजे फीची माफी, शिष्यवृत्ती. त्यातून जे उरेल तेवढंच कर्ज मागायचं, हौसेखातर जास्त नाही. कर्ज रोशनीच्या नावावर, आणि सोबत आई किंवा बाप सहकर्जदार. पैसे हातात येत नाहीत, फीचे पैसे बँक थेट कॉलेजला पाठवते, तेही वर्षावर्षाने लागेल तसे. रोशनी मान हलवत होती, मी मान हलवत होते. शालू मात्र अंग चोरून बसली होती. शेवटी तिने तोंड उघडलं.

"ते सगळं बराबर हाय, बाई. पन मार्चमधी कसं कराचं?"

मोनालीला काही कळेना. मार्चमध्ये काय, असं तिने विचारलं.

"नवं-जुनं," शालू म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "दिवाईच्या आंधी घेतलं तं शिमग्याले भरा लागन. एवढे पैसे मी पाच महिन्यांत कुठून आनू? अन् नाई भरले तं पोरीचं नाव खराब होईन. पैल्याच वर्षी."

मी रोशनीकडे पाहिलं, रोशनी माझ्याकडे. अगं देवा. एवढे दिवस ही बाई हेच पोटात घेऊन बसली होती! दूर पाठवायची भीती नाही, लोकांची भीती नाही, काही नाही. तिला वाटत होतं की जगातलं प्रत्येक कर्ज मार्च संपायच्या आत फेडायचं असतं. आणि हे इतकं उघड आहे की बोलून दाखवायची गरजच काय, असंही वाटत होतं. आम्हालाही कोणाला विचारायचं सुचलं नाही.

मोनाली आधी ओठ दाबून बसली होती, मग तिला राहवलं नाही. ती हसली आणि बँकेची भाषा सोडून सरळ आमच्या भाषेत आली. म्हणाली, "काकू, हे पीककर्ज नाई. शिकेपर्यंत हप्ता नाई. शिक्षण झाल्यावर आनखी एक वर्ष हप्ता नाई. मंग नोकरी लागली का हळूहळू भराचं, दहा-पंधरा वर्षं."

शालू बोटांवर वर्षं मोजायला लागली. मग तिने हिशेब आपल्या पद्धतीने लावला. तिच्या मामाची तळेगावला संत्र्याची बाग आहे. कलमं लावली की चार-पाच वर्षं नुसतं पाणी घालायचं, फळ नंतर. "म्हंजे संत्र्याची बाग हाय हे," ती म्हणाली. "मेथी नाई."

"संत्र्याचीच," मोनाली म्हणाली.

आणि मग शालू मोकळी झाली. अशी मोकळी झाली की मोनालीला पळता भुई थोडी. तोवर व्याज झोपतं का, असं तिने विचारलं. मोनाली म्हणाली की झोपत नाही, चालू असतं. उत्पन्नाचा दाखला आणला आणि नियमात बसलं तर तेवढ्या काळाचं व्याज सरकार भरतं, आणि नाही बसलं तर जमेल तसं थोडं थोडं भरत राहिलं की पुढचा बोजा हलका होतो. मग शालूने व्याजाचा दर विचारला आणि तो ऐकून, भेंडीचा भाव ऐकल्यावर गिऱ्हाईक जसं तोंड करतं, तसं तोंड केलं. कमी करा म्हणाली. बँकेत असं होत नाही हे मी तिला टेबलाखालून पायाने सांगत होते. पण मोनाली म्हणाली की या बँकेत मुलींना अर्धा टक्का सूट आहेच, ती रोशनीलाही भेटेल. ती सगळ्याच मुलींना असते, हेही तिने स्पष्ट सांगितलं. त्याचा उपयोग झाला नाही. शालूने अर्धा टक्का बोलून कमी केला, हे आज रोहण्यात सर्वांना माहीत आहे आणि ते चुकीचं आहे हे सांगायची माझी ताकद नाही.

मोनालीने कॉम्प्युटरवर ताराचंदचं जुनं खातं काढलं. एकदाही थकबाकी नाही, असं म्हणत तिने कौतुकाने मान हलवली. शालूने नुसतं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं म्हणजे ताराचंदच्या बंद झालेल्या सगळ्या खर्ऱ्यांचं समर्थन होतं.

मग शालूने पदराखालची प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत वावराचा सातबारा होता. कर्ज म्हटलं की सातबारा, म्हणून ती घेऊनच आली होती. तिने तो टेबलावर ठेवला आणि हात जरा वेळ त्याच्यावरच ठेवला. मोनालीने तो उघडलासुद्धा नाही. एवढ्या रकमेला तारण लागत नाही म्हणाली, आणि पिशवी हळूच परत सरकवली.

शालूला ते पटेना. "वावर नाई, घर नाई, सोनं नाई," ती म्हणाली. "मंग बँक पैसे कोनाच्या भरवशावर देऊन राह्यली?"

मोनालीने हातातल्या पेनाने रोशनीकडे दाखवलं. "हिच्या."

शालू मान वळवून पोरीकडे बघायला लागली. रोज एका ताटात जेवणारी पोरगी, पण आत्ताच ओळख झाल्यासारखी बघत होती. रोशनीला लाज वाटली, ती ओढणीचं टोक चाळवत बसली. मला तर रडायलाच आलं. मी बँकेत रडत नाही सहसा, पण आलं त्याला काय करणार.

पुढचे दिवस धावपळीत गेले. दाखले, सह्या, कॉलेजचं पत्र, पुन्हा सह्या. तहसीलमध्ये मी एकदा जोरात बोलले, त्याने काम लवकर झालं असं माझं म्हणणं आहे. सहकर्जदाराच्या जागी सही शालूने केली. ताराचंद करतो म्हणत होता, पण ती म्हणाली की तुमी दरसाल करता, यंदा माही सही. पैसे भरायच्या तारखेला अजून दोन दिवस होते तेव्हा कर्ज मंजूर झाल्याचा मेसेज आला, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात पैसे जमा झाल्याचा. रोशनीने मेसेज वाचला आणि आईला घट्ट मिठी मारली, तीही बाजारात, सगळ्यांसमोर. शालू तिला म्हणाली की सोड वं, भेंडी चेंगरून राह्यली. आणि स्वतः मात्र सोडेना.

त्या दिवशी भाजी संपायच्या आधीच तिने पोतं गुंडाळलं. हलवायाच्या दुकानात गेली, भाव न करता पेढे घेतले. भाव न करता! मी साक्षीला आहे. गावात उतरल्यावर एसटीच्या थांब्यापासूनच वाटायला सुरुवात केली. पाराजवळ प्रभाकरराव बसले होते. गावातला जुना जाणता माणूस, चार ठिकाणी शब्द असलेला, पण जरा खवचट. त्यांनी पेढा हातात घेऊन विचारलं की कशाचे पेढे, पोरीचं लगन जमलं का?

"नाई, काका," शालू म्हणाली. "रोशनीले कर्ज भेटलं."

पारावरचे सगळे हसले. प्रभाकरराव म्हणाले की कर्ज झालं तर माणूस तोंड लपवतो, तू त्याचे पेढे वाटते होय? आम्हीही दरसाल कर्ज घेतो, आम्हाला कधी पेढे वाटायचं सुचलं नाही बाप्पा.

शालू रागावली नाही. बाजारात गिऱ्हाइकाशी बोलते तशीच, शांतपणे, पुडा पुढे धरून बोलली.

"काका, आमच्या घरात आजवर वावराले कर्ज भेटलं. मानसाले पैल्यांदाच भेटलं."

हसणं थांबलं. प्रभाकररावांनी पेढा तोंडात टाकला आणि सावकाश खाल्ला. मग त्यांनी पुड्यातून आणखी एक पेढा उचलला, रुमालात बांधला, आणि नातीसाठी नेतो म्हणाले. ती पोरगी यंदा बारावीला आहे.